गच्चीवरची करवंटी

लंकाबाईनं फ्लश दाबला, तरी पांढऱ्या भांड्यात गुलाबी पाणी राहिलंच. तिनं बादली उचलून ओतली, नळ सोडून ती पुन्हा भरली आणि पुन्हा ओतली. पाणी नितळ झालं तेव्हाच ती थांबली.

काल रात्री सुनेनं, चैतालीनं, बिटाची कोशिंबीर केली होती. बीटच असणार, दुसरं काय, असं तिनं स्वतःला बजावलं. पण दातांना सोसत नाही म्हणून तिनं ती कोशिंबीर ताटात तशीच ठेवली होती, आणि हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

दारावर टकटक झाली.

"आई, बरं आहे ना? किती वेळ पाण्याचा आवाज येतोय."

"हाय की. पाय धुते."

ती बाहेर आली आणि चैताली पोछा घेऊन आत गेली. भांड्याकडे लंकाबाईचं लक्ष होतं, खालच्या फरशीवर पडलेला लाल थेंब तिला दिसला नव्हता. चैताली लगेच बाहेर आली. पोछा तिच्या हातात कोरडाच होता.

"आई, पुन्हा आग होतेय का?"

"नाय."

"दुखतंय कुठं?"

"नाय गं पोरी. काय बी दुखत नाय."

ती खोटं बोलत नव्हती, आणि म्हणूनच ती जास्त घाबरली होती. आधीची दुखणी सांगून-सवरून येत. लघवीला आग व्हायची, ओटीपोट धरून बसावं लागायचं, थंडी भरून यायची. हे मात्र मांजराच्या पावलानं आलं होतं.

त्या आधीच्या दुखण्यांना कॉलनीतल्या डॉक्टरांनी नाव दिलं होतं, जंतू. लघवी तपासली की दर वेळी जंतू निघत, आणि गोळ्यांचा कोर्स झाला की आग थांबे. जंतू म्हणजे तसं अब्रूदार दुखणं. ते कुणालाही होतं आणि त्यात कुणाची मान खाली जात नाही. मग सगळं घर हात धुऊन जंतूंच्या मागे लागलं. मुलानं, मनोजनं, पाण्याचं मशीन बसवलं, गच्चीवरची टाकी धुऊन घेतली. चैतालीनं बाथरूममध्ये इतकं फिनेल ओतलं, की आठवडाभर जेवणालाही त्याचा वास येत होता. टाकी धुतली त्या दिवशी लंकाबाई वर गच्चीतच होती. टाकी धुणारे कधी खाली जातात याची वाट बघत, कनवटीला लावलेला विड्यांचा कट्टा चाचपत ती उन्हात बसली होती.

हरसूलकडच्या तिच्या पाड्यावर बाईनं विडी ओढणं ही काही लपवायची गोष्ट नव्हती. भाताच्या आवणीला चिखलात उभं राहून अंग गारठलं, की इरल्याखाली बसून सगळ्याच बाया दोन झुरके मारायच्या. घरी ती चुलीपुढं बसली असताना छोटा मनोज निखाऱ्यावर विडी टेकवायचा आणि ती पेटली, की ओंजळीत धरून आईला आणून द्यायचा. वाटेत ती विझू दिली नाही याचा त्याला कोण अभिमान!

पुढे तोच मनोज शिकला, सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर झाला आणि नाशिकच्या घरातली मुलगी सांगून आली. बघायला जायच्या आधी त्यानं आईला बाजूला घेतलं होतं. "आई, ह्यांच्यासमोर नको गं. आणि झालं तर सोडूनच दे." ती म्हणाली, सोडली. त्याच्या सासऱ्यांनी विचारलं तेव्हा मनोजनंही छाती पुढं काढून सांगितलं, की आमच्या घरात कुणाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ लंकाबाईनं आजवर उघडली नव्हती. कपडे वाळत घालायचं निमित्त काढून ती गच्चीवर जायची, टाकीच्या आडोशाला बसायची, त्र्यंबकच्या डोंगरांकडे बघत ओढायची आणि बडीशेप चघळत खाली यायची.

थोटकं टाकायला तिथं एक करवंटी होती. कधी आली कुणास ठाऊक. बहुधा इमारतीचा वॉचमन झुंबर यानं ठेवली असावी, तोही ओढायचा. करवंटी कधी भरून वाहिलेली तिनं पाहिली नव्हती. माणूस स्वच्छ आहे बिचारा, असं तिला वाटे.

चैतालीनं फरशीवरच्या लाल थेंबाचं सांगितलं, तेव्हा कॉलनीतल्या डॉक्टरांनी या वेळी गोळ्या दिल्या नाहीत. आधी पोटाची सोनोग्राफी करा म्हणाले, आणि तिचे फोटो बघून त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. जायच्या सकाळी लंकाबाई गच्चीवर गेली. काडी पेटवली, पण ती विडीपर्यंत नेलीच नाही. तिला भीती वाटली, साधीसुधी नाही, अंधारात पायाखाली काहीतरी वळवळल्यावर वाटते तशी. काडीनं बोट भाजलं तेव्हा ती भानावर आली. न पेटलेली विडी तिनं करवंटीत टाकली आणि खाली आली.

मनोज आणि चैताली दोघंही सोबत आले होते. मोठ्या डॉक्टर म्हणजे मनोजच्याच वयाची बाई होती. तिनं फोटो उजेडाकडे धरले.

"मावशी, लघवीच्या पिशवीत एक गाठ दिसतेय. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी. दुर्बीण घालून बघावं लागेल आणि तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. तो अहवाल येईपर्यंत मी ठाम काही म्हणणार नाही."

"पण डॉक्टर, ते जंतू..." मनोज म्हणाला. "दर वेळी जंतूच निघाले होते."

"जंतू होते, ते खोटं नाही. पण जंतू सापडले म्हणून दुसरं काही नव्हतंच, असं होत नाही. बायकांच्या बाबतीत ही गफलत फार होते." तिनं लंकाबाईकडे पाहिलं. "रक्त जाताना दुखत होतं?"

"नाय."

"दुखत असतं तर मला जरा धीर आला असता," डॉक्टर म्हणाली. "न दुखता रक्त गेलं, की आम्ही घाबरतो." मग तिनं पेन उचललं. "तंबाखू, मिश्री, विडी, काही?"

"नाही, काहीच नाही," मनोज म्हणाला. प्रश्न संपायच्या आत म्हणाला.

पेन कागदावर टेकलं. लंकाबाईनं मुलाकडे पाहिलं. त्याचा बूट टेबलाखाली भराभर हलत होता. लहानपणी खोटं बोलताना त्याचा पाय असाच हलायचा. म्हणजे याला माहीत आहे. सोडली असं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

"विडीचा आणि पिशवीचा काय संबंध?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"फार जवळचा, मावशी. धूर छातीत जातो, पण त्यातलं विष रक्तात उतरतं आणि लघवीवाटे बाहेर पडायच्या आधी पिशवीत साचून राहतं. वर्षानुवर्षं. त्यात आणि जंतूंची भर पडली तर दोघं मिळून काय करतात, ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण ओढणाऱ्या माणसाची लघवी लाल झाली, तर मी जंतूंवर विसंबून एक दिवसही घालवत नाही."

लंकाबाईला मनोजचे सासरे आठवले, त्यांचा तो सोफा आठवला, चहाची नक्षीची कपबशी आठवली. मग तो गुलाबी पाण्याचा रंग आठवला आणि बाकी सगळं मागे पडलं.

"ओढते मी," ती म्हणाली. "विडी."

सुनेकडे बघायचा तिला धीर होईना.

"किती वर्षं?" डॉक्टरनं विचारलं.

लंकाबाई हिशेब लावायला लागली, पण त्या आधीच मनोज बोलला. मान खालीच होती.

"माझ्या जन्माच्या आधीपासून. मीच पेटवून द्यायचो."

"आणि आता? अजून किती ओढतात?" डॉक्टरनं विचारलं.

"रोज ओढतात," चैताली म्हणाली. "गच्चीवर. टाकीच्या मागे."

लंकाबाईनं झटकन मान वळवली. चैताली रागावलेली दिसत नव्हती. तिनं पदराचं टोक मुठीत इतकं घट्ट धरलं होतं, की बोटं पांढरी पडली होती.

"तुला कुणी सांगितलं? झुंबरनं?"

"करवंटी मीच ठेवली होती, आई. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात. तुम्ही थोटकं पदरात बांधून आणायचात, पातळाला भोकं पडायची. भरली की मीच रिकामी करायचे. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून बोलले नाही." तिनं मनोजकडे पाहिलं. "कॉलनीतल्या डॉक्टरांनी दर वेळी विडी-तंबाखूचं विचारलं. मी तिथंच बसलेली असायचे. हे नाही म्हणायचे आणि मी गप्प बसायचे. सासूबद्दल असं चारचौघांत कसं बोलायचं?"

ती रडायला लागली. मनोजनं तिच्याकडे पाहिलं नाही आणि आईकडेही पाहिलं नाही. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

लंकाबाईला वाटलं, आपण लपवत होतो आणि ही दोघं आपल्याला लपवू देत होती. केवढा मान राखला पोरांनी आपला. सून असावी तर अशी, हे तिनं पाड्यावर कितीदा सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं.

तिनं हात पुढे करून चैतालीच्या पाठीवर ठेवला. पोरगी भिऊन गेली आहे, तिला काहीतरी धीर द्यायला हवा. तिच्याजवळ देण्यासारखं एकच होतं.

"रडू नको, पोरी," ती म्हणाली. "मला दुखत नाय. काय बी दुखत नाय."

चैतालीचा हुंदका आणखीच मोठा झाला.