हिस्टामिनचा पाट

मोर्शीच्या शकुनला दाखवायला बसवलं की अंगावर पित्त उठायचं. एरवी संत्र्याच्या बागेत दिवसभर काट्याकुट्यांतून फिरली तरी काही नाही. पाहुण्यानं नाव विचारलं रे विचारलं, की गळ्यापासून कोपरापर्यंत लाल चट्टे आणि जीवघेणी खाज. "पोरीचं रक्त खराब आहे," म्हणत दोन स्थळं उठून गेली होती. अकोल्याचं हे तिसरं. हेही गेलं, तर वडील नत्थुजी तिला चांदूरच्या पन्नाशीतल्या बिजवराला देणार होते.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं आणि अमरावतीत विलायती गोळ्या नुकत्याच आल्या होत्या. डॉक्टरांनी समजावलं, "घाबरलं की हिचं शरीर हिस्टामिन नावाचा पदार्थ सोडतं. त्याची बसायची जागा ठरलेली असते. तिथं ते बसलं की रक्तातलं पाणी कातडीत झिरपतं, चट्टा उठतो. गोळी आधीच त्या जागेवर जाऊन बसते. झोप मात्र येते हं."

आत्या गोदाबाईंनी बसण्याचं तेवढं ऐकलं. परतताना मोटारीत म्हणाल्या, "पंगतीत पाट नाही भेटला, त पाहुणा उपाशी जाते काय? शेजारच्या घरी जाऊन बसते. तुह्या अंगातलं ते सासऱ्याच्या अंगात जाऊन बसलं म्हंजे?"

"आत्या, तसं नसते व!"

"डॉक्टरनं कधी पंगत वाढली काय? मले नको शिकवू."

रविवारी त्यांनी गोळ्या खलबत्त्यात कुटून आल्याच्या चहात घातल्या. बैठकीत कुणाच्याच अंगात रिकामा पाट राहायला नको! पाहुणे दोन जास्त आले, त्यात शकुनची गोळीही गेली.

चहा झाला, सुपारी झाली, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या. मुलाचे वडील वामनराव शकुनला विचारू लागले, "काय काय रांधता..." आणि त्यांची मान पागोट्यासकट छातीवर आली. मध्यस्थ लोडावर कलंडला. नत्थुजी पानाचं तबक पुढं धरूनच घोरू लागले. चहाची चव पाहिलेल्या गोदाबाई उंबरठ्यावरच आडव्या.

जागे दोघंच. शकुन, आणि चहा सोडलेला, खादीतला नवरदेव चंद्रभान.

शकुनचा गळा पेटला. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले. खाजवलं की संपलं.

"खाजून राह्यलं काय?" चंद्रभाननं विचारलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले गोळीच नाही उरली."

"मंग खाजवा ना. कोण पाहून राह्यलं?" म्हणत तो भिंतीकडं तोंड करून बसला.

शकुननं मनसोक्त खाजवलं.

"झालं काय?"

"पाठ राह्यली. हात नाही पुरत."

त्यानं वळून न पाहता वामनरावांची काठी मागं सरकवली.

वामनरावांना जाग आली तेव्हा काठी सुनेच्या हातात होती, आणि ती सून आहे हे मुलानं त्यांना सांगितलं.