खंडाची कोंबडी

जेनिस मिरांडाला कोणी काही विचारलं नव्हतं. तिनं आपण होऊन माती खाल्ली.

साकीनाक्याच्या एका ऑफिसात बसून ती परदेशातली जुनी दप्तरं वाचायची आणि टाइप करायची. यंदा काम आलं होतं वेल्समधल्या एका जहागिरीचं. जहागीरदार गेले, त्यांचा डामडौल गेला, पण त्यांचे हिशेब तिकडच्या दप्तरखान्यात अजून ठणठणीत होते. कोणत्या कुळाकडे कोणतं शेत, त्यापायी मालकाला द्यायचा खंड किती, आणि खंडाच्या वर काय. वर म्हणजे सुगीत मालकाकडे फुकट राबायचं आणि नाताळला दोन कोंबड्या पोचत्या करायच्या. कूळ गरीब असो की बरं, कोंबड्या कोणाला चुकल्या नव्हत्या.

गोराईच्या घरी आई गेल्यापासून जेनिस आणि तिचा बाप ऑगस्टीन, दोघंच. जेवताना तिनं हे सांगितलं तेव्हा ऑगस्टीनला हसून ठसका लागला. "अगं, म्हणजे तिकडं पण आपलाच खोत!" त्याचा आजा गावच्या खोताचं कूळ. दर नाताळला तो कोंबडी घेऊन खोताच्या बंगल्यावर जायचा. चपला पायरीखाली काढायच्या, ओट्याला पाय लावायचा नाही, मालक बाहेर येईस्तोवर कोंबडी छातीशी धरून उभं राहायचं. ऑगस्टीननं उठून आजा कसा उभा राहायचा ते करूनही दाखवलं. बापलेक पोट धरून हसली.

इथवर सगळं छान होतं. मग तो व्हिडिओ कॉल झाला. दप्तरखान्याची बाई, ग्वेन तिचं नाव, सगळ्यांची ओळख करून घेत होती. जेनिसची साहेबीण इरावती म्हणाली, आमचे पणजोबा न्यायाधीश होते. पुढचा म्हणाला, आमचे आजोबा डॉक्टर. जेनिसची पाळी आली आणि तिची जीभ घसरली. "आमची गोराईला जहागीरच होती म्हणा ना. बंगला आहे अजून. कुळं होती." इरावतीनं भुवया उंचावल्या, आणि खरं सांगायचं तर त्या भुवयांसाठीच जेनिस बोलली होती. ग्वेन म्हणाली, मी डिसेंबरात मुंबईला येतेच आहे, बंगला दाखवशील?

झाली ना पंचाईत! पण खोटं बोलणाऱ्याला देवही कधीकधी हात देतो, बहुतेक नंतर नीट आपटावा म्हणून. खोताची नातवंडं कॅनडात होती आणि त्या बंगल्याची झाडलोट करायला ठेवलेला माणूस ऑगस्टीनच होता. चावी त्यांच्याच घरात खिळ्याला लटकत होती.

"पपा, थोडा वेळच. कोणाला कळणार पण नाही," जेनिस म्हणाली. का हवी, तेही तिनं खाली बघत सांगून टाकलं.

ऑगस्टीननं चावी काढून दिली. "मधलं दार अडकतं. जरा उचलून ढकल." मग म्हणाला, "मी येऊ काय? निळं शर्ट घालीन."

"नको रे पपा."

"बरं," तो म्हणाला. आदल्या दिवशी जाऊन सगळा बंगला मात्र त्यानंच पुसून ठेवला.

शनिवारी ग्वेन आणि इरावती बोटीनं खाडी ओलांडून आल्या. जेनिसनं मधलं दार उचलून ढकललं, भिंतीवरच्या मिशाळ खोताकडे हात करून "माझे पणजोबा" म्हणाली आणि त्या परक्या मिशांपुढे थोडी लवलीही. इरावती दबून बघत होती. सगळं झकास चाललं होतं.

ग्वेन ओट्यावर येऊन बसली. "माझ्या घराण्यात असलं काही नाही," ती म्हणाली. "माझे खापरपणजोबा त्याच जहागिरीचं कूळ होते. तू टाइप केलेल्या पानात त्यांचं नाव निघालं. पुढे दोन कोंबड्या. मी ते पान बघून रडले, जेनिस. इतका अभिमान वाटला मला."

जेनिसला वाटलं, आता बोलावं. आत्ताच बोलावं, ही बाई उलट मिठी मारील. पण शेजारी इरावती बसली होती.

"तुमची कुळंही कोंबड्या द्यायची का?" ग्वेननं विचारलं.

"हो. नाताळला," जेनिस म्हणाली.

तेवढ्यात फाटक वाजलं. निळ्या शर्टातला ऑगस्टीन आत आला. छातीशी घरचीच तांबडी कोंबडी, पाय सुतळीनं बांधलेली. त्यानं पायरीखाली चपला काढल्या. ओट्याला पाय न लावता मान खाली घालून उभा राहिला, त्या रात्री आजा करून दाखवला होता अगदी तसा. फक्त आज कोणी हसत नव्हतं.

"बाईसाहेब, नाताळची कोंबडी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. पोरीच्या खोट्याला एक कूळ कमी पडत होतं, तेवढं तो भरून द्यायला आला होता.

"हे कोण?" ग्वेननं विचारलं.

जेनिसनं बापाकडे पाहिलं. "आमचं कूळ," ती म्हणाली, आणि कोंबडी घ्यायला हात पुढे केले.

ग्वेन धावत पायऱ्या उतरली. तिनं ऑगस्टीनचा हात दोन्ही हातांत घेतला आणि नाव विचारलं. नाक्यावरच्या पोलिसालाही छाती काढून 'ऑगस्टीन मिरांडा, गोराई' असं सांगणारा तो माणूस. त्यानं एकवार इरावतीकडे पाहिलं, आणि आडनाव गिळलं. "ऑगस्टीन," एवढंच म्हणाला.

पाहुण्या बोटीत बसून गेल्या. जाताना इरावती म्हणाली, "यू आर सो लकी, जेनिस." जेनिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोंबडी कवटाळून ती गावातून घरी आली तेव्हा ऑगस्टीन जुन्या बनियनवर ओट्यावर बसला होता. निळं शर्ट दोरीवर वाळत होतं.

"खूश झाली काय पाहुणी?"

"पपा, चुकले मी. मला लाज वाटते रे." तिनं कोंबडी पुढे केली. "ही घे."

ऑगस्टीननं हात पुढे केला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"खोताला दिलेली कोंबडी कूळ परत नेत नाही, बाय. तशी रीत नाही," तो म्हणाला आणि उठला. "चावी तेवढी खिळ्याला लाव."

खिळा घरात होता. जेनिसनं पायरीखाली चपला काढल्या, आणि कोंबडी छातीशी धरून तिथंच उभी राहिली.