उभ्या पट्ट्या

मिस्त्रीने आपला जुना गुण्या आणि दुकानातला एक नवा काउंटरच्या काचेवर समोरासमोर उभे केले, त्यांची पाती एकमेकांना भिडवली आणि मान वाकवून दाराकडून येणाऱ्या उजेडात पाहिले. खाली पाती चिकटली होती. वर टोकाशी केसाएवढी फट होती, आणि तिच्यातून उजेड येत होता.

"हाही गेला," तो म्हणाला आणि नवा गुण्या डावीकडे सारला.

"चार झाले, काका," दुकानवाली म्हणाली.

डावीकडे चार नवेकोरे गुण्ये पडले होते. काटकोन तपासायचं हे साधंसं हत्यार, मुठीत बसवलेलं एक पोलादी पातं. यात बिघडण्यासारखं असतं काय, असं कुणालाही वाटेल. मिस्त्रीला तसं वाटत नसे. दुकानातली नवी वस्तू त्याच्या लेखी, सिद्ध होईपर्यंत लबाडच. रंधा निवडायलाच त्याने तासभर घेतला होता. तीन रंधे उपडे करून त्यांच्या तळावरून पट्टी फिरवली, पाती काढून नखावर घासून बघितली, एकाच फळीवर तिन्ही चालवले आणि निघालेल्या साली बोटांत धरून उजेडात पाहिल्या. पटाश्यांचं तेच. लाकडी मुठींच्या आणि प्लास्टिकच्या, दोन्ही जोडांना टिचकी मारून त्याने कान लावला. प्लास्टिकच्या जास्त टिकतात हे त्याला ठाऊक होतं, पण त्या घाम पीत नाहीत म्हणून लाकडीच घेतल्या.

"हा रंधा जन्मभर जाईल," दुकानवालीने खात्री दिली होती.

"जन्म कुणाचा? त्याचा की माझा?"

ती हसली होती. वडील थकल्यापासून दुकान तीच बघायची, आणि कुठल्या गिऱ्हाइकाला घाई आहे नि कुणाला नाही हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. मिस्त्रीला घाई नव्हती. आज सकाळपासून तो जितकं बोलला होता तितकं एरवी आठवड्यातही बोलत नसेल, हे मात्र तिला कळायचं कारण नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. कारखान्यात तो आणि लाकूड, दोघंच.

पाचवा गुण्याही त्याने जुन्याला भिडवला. पुन्हा तीच फट.

दुकानवालीने डावीकडच्या ढिगातले दोन उचलले आणि एकमेकांसमोर उभे केले. फट नव्हती. मग तिसरा घेतला, चौथा घेतला. नव्या गुण्यांचं आपसात अगदी छान जमत होतं.

"एकाच कारखान्यातले आहेत," मिस्त्री म्हणाला. "चुकले तर सगळे सारखेच चुकणार."

"हा पाचवा दुसऱ्या कंपनीचा आहे, काका."

तिने फळीचा एक तुकडा आणि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. पुढे काय करायचं ते त्याला सांगावं लागलं नाही. फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. उभ्या आयुष्यात त्याने शंभरेक गुण्ये असे तपासले असतील, दुसऱ्यांचेसुद्धा. त्याने पाचव्या गुण्याने दोन रेघा मारल्या. एकच दिसत होती.

"आता तुमचा लावून बघा."

मिस्त्रीने जुना गुण्या फडक्यात गुंडाळला.

"याला तपासायची गरज नाही. आमच्या अण्णांचा आहे. वडिलांचा."

"आमचा तराजूही वडिलांचाच होता, काका. वजनमापवाले येऊन उचलून घेऊन गेले."

एरवी या बोलण्यावर तो हसला असता. आज त्याने नुसती मान हलवली, रंध्याबरोबर आणि पटाश्यांबरोबर तो दुसऱ्या कंपनीचा गुण्याही बांधायला सांगितला आणि तो बाहेर पडला.

घर पंधरा मिनिटांच्या अंतरावर होतं. त्या पंधरा मिनिटांत त्याच्या डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं, आणि ते दुकानवालीचं नव्हतं. "दादा, अण्णांचा गुण्या एकदा तपासून घे." सतरा वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ हे म्हणाला होता.

अण्णा गेल्यावर त्यांची हत्यारं दोघा भावांनी वाटून घेतली. करवती, रंधे धाकट्याकडे, गुण्या मोठ्याकडे. कामाचीही तशीच वाटणी झाली. आडव्या पट्ट्या दादाच्या, उभ्या धाकट्याच्या. दादाने गुण्या लावून आडव्या पट्ट्यांची टोकं कापायची, धाकट्याने उभ्या पट्ट्या रंधून त्यांना जोडायच्या. अकरा वर्षं त्यांच्या सांध्यात नख शिरत नव्हतं. मग औषधांच्या एका मोठ्या दुकानाचं काम आलं, काचेची बारा दारं. मालकाला घाई, म्हणून उभ्या पट्ट्या यंत्रावर रंधून, पॉलिश करूनच आणल्या. त्यांना हात लावायला जागाच नव्हती. बाराही दारं एका अंगाला कलली, काचा बसेनात. मालक डोक्यावर उभा होता, चार कामगार बघत होते. मिस्त्रीने धाकट्याला फैलावर घेतलं. लक्ष नाही, अंग चोरतोस, माझ्या जिवावर खातोस, तोंडाला येईल ते बोलला. त्यावर धाकटा ते एक वाक्य बोलला होता.

"अण्णांच्या हत्याराला नावं ठेवणाऱ्याने माझ्या कारखान्यात पाय ठेवायचा नाही," मिस्त्री म्हणाला.

धाकट्याने हात पुसले, तो गेला. दुसऱ्या गावी त्याने स्वतःचं काम थाटलं. दोघांच्या मधली बहीण इकडची खुशाली तिकडे कळवायची, तेवढाच धागा राहिला. मिस्त्रीची बायको गेली तेव्हा धाकटा आला, फाटकापाशी तासभर उभा राहिला आणि न बोलता परत गेला. मिस्त्रीनेही त्याला आत बोलावलं नाही. आपलं बरोबर होतं, या एका आधारावर तो ही सतरा वर्षं टेकून होता.

तेव्हापासून तो दोन्ही पट्ट्या एकटाच करत आला होता, आणि त्याच्या चौकटी कलायच्या. त्याने आधी लाकडाला दोष दिला, मग हवेला, मग वखारवाल्याला. गेल्या दोन वर्षांत स्वतःच्या डोळ्यांपर्यंत येऊन पोचला होता. हत्यारं झिजली असतील, नवी घेऊन बघू, म्हणून तर तो आज बाहेर पडला होता.

कारखान्यात आल्याआल्या त्याने एका फळीची कड नव्या रंध्याने सरळ केली. रंधा इतका मऊ चालला की त्याला त्याचा रागच आला. मग अण्णांचा गुण्या फडक्यातून काढला, कडेला टेकवला, रेघ मारली. उलटा केला, रेघ मारली. दोन रेघा खाली एकत्र होत्या, वर त्यांच्यामधून पेन्सिलीचं टोक गेलं असतं.

त्याने कड पुन्हा रंधली आणि पुन्हा तपासलं. मग फळी बदलली. मग चष्मा पुसला. शेवटी पेन्सिल खाली ठेवली. गुण्या अण्णांच्या वेळेपासूनच असा होता की नंतर कधी हातातून पडला, हे आता कोण सांगणार?

पण मग त्याला दुसराच प्रश्न पडला आणि तो ताठ बसला. गुण्या असा असेल, तर ती अकरा वर्षं सांधे जुळत कसे होते?

आतल्या खोलीत आईचं कपाट होतं. अण्णा गेल्यावर दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम. आई गेल्यावर बायकोने ते वापरलं, आता त्यात त्याचे चार शर्ट आणि बायकोच्या साड्या होत्या. मिस्त्रीने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले. दोन्ही दारं एकेक करून उतरवली, जमिनीवर आडवी केली आणि गुडघे टेकून नवा गुण्या बाहेरच्या कोपऱ्याला लावला. बरोबर. चारही कोपरे बरोबर. बाहेरून चौकट अशी होती की कुणी बोट ठेवू नये.

मग त्याने आतल्या कोपऱ्याला गुण्या लावला. तिथे फट होती, ओळखीची, केसाएवढी.

त्याने पट्टी घेतली आणि डावीकडची उभी पट्टी मोजली. वरच्यापेक्षा खाली एक सूत जास्त रुंद. उजवीकडची मोजली. तिथे उलटं, खालच्यापेक्षा वर एक सूत जास्त. दुसऱ्या दाराला हात लावण्याआधीच त्याला काय निघणार ते कळलं होतं, तरी त्याने मोजलं. तेच निघालं.

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा फुटांच्या पट्टीत तो डोळ्याला दिसत नाही, आणि हाताने तो इतका सारखा उतरवत नेणं हे भल्याभल्यांचं काम नव्हे. चुकून होणारी गोष्टच नव्हती ती. दादाची आडवी पट्टी जितकी तिरकी, बरोबर तितकीच धाकट्याने उभी तिरकी रंधली होती, म्हणजे सांधा मिटेल आणि बाहेरून चौकट सरळ राहील. हे या कपाटाचं. नंतर अकरा वर्षांत किती दारं, किती खिडक्या, किती कपाटं. बारा दारांच्या वेळी त्याला तेवढं करता आलं नाही, कारण त्या पट्ट्यांना रंधा लावायचा नव्हता.

मिस्त्री दोन दारांच्या मध्ये जमिनीवर बसून राहिला. त्याला लाज वाटली. इतकी की रिकाम्या घरातही त्याने मान वर केली नाही. आणि लाजेखाली आणखी एक होतं, ते त्याला उशिरा कळलं. त्याला धाकट्याची आठवण येत होती. तो रंधा मारताना जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरायचा, ते दिसत होतं.

नंबर बहिणीने कधीच देऊन ठेवला होता. त्याने तो लावला तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. पलीकडे यंत्राची घरघर आली, मग ती थांबली.

"हॅलो?"

धाकट्याचा आवाज अण्णांसारखा झाला होता.

"मी बोलतोय."



"दादा? काय झालं? बरा आहेस ना?"

"बरा आहे. आईच्या कपाटाची दारं उतरवली आज."

"का?"

"मोजायला."

पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"एक सूत," मिस्त्री म्हणाला. "प्रत्येक उभीत."

"हं."

"त्या अकरा वर्षांत तू मला सांगितलं का नाहीस?"

"सुरुवातीला सांगितलं होतं की दोनदा. तू रागाने जेवायला उठलाच नाहीस. वहिनी माझ्यावरच चिडली. म्हटलं, त्यापेक्षा रंधा मारणं सोपं."

मिस्त्रीला हसू आलं. त्याने दुसरा हात जमिनीवर टेकवला.

"मी चुकलो," तो म्हणाला. "चारचौघांत बोललो तुला. चूक माझी होती."

पलीकडून कुणीतरी धाकट्याला काहीतरी विचारलं. "ठेव तिथे, आलो," असं त्याने त्या माणसाला सांगितलं. मग तो पुन्हा फोनवर आला.

"इथे आल्यावर दोन वर्षं गेली माझी," तो म्हणाला.

"कशात?"

"सरळ रंधायला शिकण्यात. हात आपोआप तिरका जायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, पट्टी एका बाजूला का उतरते तुमची? काय सांगणार त्याला?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मिस्त्रीला बोलायला काही सुचलं असतं. त्या दोन वर्षांचा हिशेब त्याने कधी केलाच नव्हता, आपल्या सतरा वर्षांचा तेवढा केला होता.

"दारं परत बसवलीस का?" धाकट्याने विचारलं.

"नाही अजून."

"एकट्याने बसवू नकोस. जड आहेत ती. एकाला धरायला लागतं."

"हो."

"रविवारी मला सुट्टी असते," धाकटा म्हणाला.

"बरं," मिस्त्री म्हणाला.

फोन ठेवून तो गुडघ्यांवर हात देत उठला. मंगळवार होता. एकट्याने दार कसं बसवायचं ते त्याला सतरा वर्षांत चांगलं पाठ झालं होतं. खाली दोन पाचरी सारायच्या, पायाने त्या मागेपुढे करत दार वर घ्यायचं, बिजागरीची भोकं जुळली की एका हाताने पहिला स्क्रू फिरवायचा. अर्ध्या तासाचं काम. त्याने दोन्ही दारं उचलून भिंतीला टेकवली, साड्यांवर धूळ बसू नये म्हणून उघड्या कपाटावर एक चादर लावली आणि स्क्रू एका वाटीत काढून ठेवले.