ओठ दिसत नाहीत तिथे

“बाई, म्हातारी जरा आणखी चिरकी काढा. लोक हसले पाहिजेत,” काचेपलीकडून डायरेक्टर म्हणाला.

तिने मान डोलावली. दुसऱ्याच्या तोंडात आपला आवाज घालायचा, हेच तिचं काम. कार्टूनमधली खार, मालिकेतली सासू, साबणाच्या जाहिरातीतली सून. आज विनोदी सिनेमातली अधू डोळ्यांची म्हातारी. एक ठग तिचा घर सोडून गेलेला मुलगा बनून येतो, लाड करून घेतो आणि पहाटे खिडकीतून पसार होतो.

पडद्यावर म्हातारी ठगाच्या अंगावर पांघरूण ओढत होती. तिने कागदावरचं वाक्य वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

‘पाय झाक रे बाळा, पाय उघडे राहिले की तुला वाईट स्वप्नं पडतात.’

हे तिच्या आईचं वाक्य होतं. घर सोडून गेलेल्या दादासाठी राखून ठेवलेलं.

“ओरिजिनल आहे हं ते,” शेजारच्या माइकपाशी उभा असलेला हीरो म्हणाला. ठग तोच. “रोल मिळाला तेव्हा म्हटलं, आधी जमतंय का बघू. एका म्हातारीचा मुलगा निघून गेलाय, असं तिच्या गल्लीतल्या दुकानात कळलं. गेलो सरळ. ‘आई, मी आलो!’ तिला धड दिसत नव्हतं. दोन दिवस राहिलो. अहो, पाठ चोळून आंघोळ घातली, भरवलं तिने मला!”

“आणि मग?” रेकॉर्डिस्ट हसत म्हणाला.

“मग काय, पहाटे सटकलो. म्हातारी डाराडूर! पण एक आहे, घरातली काडी उचलली नाही.”

तेच तर. ती तेव्हा कामासाठी परगावी होती. परतली तर आईचा चेहरा फुललेला. “दादा येऊन गेला गं!” तिने कपाटं उपसली, डबे उघडून पाहिले. सगळं जागच्या जागी. “चोर असता तर रिकाम्या हाताने गेला असता का?” आई म्हणाली. काहीतरी नेलं असतं तर बरं झालं असतं, निदान आईची वाट बघणं तरी संपलं असतं. तेव्हापासून दाराला कडी लावायची नाही. दादा आला आणि दार बंद असलं तर?

“घ्यायचं का, बाई?”

“घ्या.”

पांघरुणाचं वाक्य तिने सांगितलं तसं चिरकं म्हटलं. सगळे खोखो हसले. हीरो सर्वांत जास्त. तिने त्यांना हसू दिलं.

मग शेवटचा शॉट. ठग खिडकीत चढतो, त्याचा पाय गजात अडकतो. म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. कागदावर नुसतं ‘घोरणं’. ओठ दिसत नाहीत तिथे काहीही बोलता येतं, हे तर या धंद्यात पहिल्या दिवशीच शिकवतात.

लाल दिवा लागला. ती जरा घोरली. मग चिरकेपणा टाकून आईच्या आवाजात, आईच्या संथपणाने बोलली.

“दार उघडं आहे रे. खिडकीतून कशाला?”

पडद्यावरचा ठग पाय अडकवून थिजल्यासारखा उभा होता.

“माझ्या लेकाच्या पाठीवर भाजल्याचा डाग आहे. तुझी पाठ चोळली तेव्हाच कळलं मला. म्हटलं, याला कुणी आई नसेल, म्हणू दे दोन दिवस. जा आता. पुन्हा कुणाला आई म्हणू नकोस.”

कुणी हसलं नाही. हीरो माइकपासून एक पाऊल मागे सरकला.

“त्यांना… कळलं होतं?” तो पुटपुटला. “तुम्ही कोण?”

“मी? डबिंगवाली.”

“काढा ते!” तो काचेकडे बघून ओरडला. “कॉमेडी आहे ही!”

डायरेक्टरने बराच वेळ डोकं खाजवलं. “नाही. राहू दे. आता कुठे सिनेमा झालाय.”

आता प्रत्येक खेळाला, भरल्या थिएटरात, तो पकडला जाणार होता. तिने चष्मा पुसला, पर्स उचलली. दादाच्या पाठीवर कसलाच डाग नव्हता. ते त्या हीरोला कधीच कळणार नव्हतं.

संध्याकाळी तिने घराचं दार ढकललं.

“कोण? दादा?”

“मी गं.”

“आज कुणाचा आवाज काढलास?”

“एका म्हातारीचा. मुलाची वाट बघत असते ती.”

“मग? आला का तो?”

चपला काढता काढता ती घुटमळली.

“आला.”

“येतात गं,” आई समाधानाने म्हणाली.

तिने दार लोटलं. हात कडीकडे गेला, आणि तसाच खाली आला.