प्लेटोतले चार खड्डे

कीर्तीने कागदावर चौथा ठिपका काढला, तेव्हा दयाराम अजून दुर्बिणीला डोळा लावून वाकलेला होता. खांदा कॉलनीतल्या शाळेच्या गच्चीवर दिवेलागणीची वेळ होती. दशमीचा चंद्र पाण्याच्या टाकीवर आला होता.

"बाई, मना तं काईच नाय दिसत," तो म्हणाला. "घासून ठेवलेल्या तव्यासारका साफ हाय."

प्लेटो म्हणजे चंद्राच्या उत्तरेकडचं काळसर, गोल मैदान. त्याच्या तळावर चार बारीक खड्डे आहेत आणि तयार नजरेला ते अशा सहा इंची दुर्बिणीतूनही दिसू शकतात, असं कीर्तीने आदल्या दिवशी वाचलं होतं. तिला ते दिसले नव्हते. पण निरीक्षणाला जमलेले दहाबारा जण भोवती उभे होते, ती विज्ञानाची शिक्षिका होती, आणि चित्र काढायची पेन्सिल तिच्या हातात होती.

"नीट बघा, भाऊ. एक मधोमध, दोन जोडीने वर, एक खाली."

दयारामने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा वाकला. दुर्बिणीचा आरसा त्याने स्वतः घासून तयार केला होता, उरणच्या कोळीवाड्यातल्या घरात बसून, सात महिने. जासईच्या कंटेनर यार्डात तो क्रेन चालवायचा. उंचावरच्या केबिनमधून खालच्या कंटेनरच्या पेटीच्या कोपऱ्यातलं, आकडा अडकवायचं भोक तो पहिल्या फटक्यात पकडतो, असं त्याच्याबरोबरचे लोक सांगत.

बऱ्याच वेळाने तो बाजूला झाला.

"वय झालं," एवढंच म्हणाला.

पुढच्या महिन्यात तो आला नाही. त्याच यार्डात कारकून असलेला प्रितेश दुर्बीण टेम्पोत घालून शाळेत घेऊन आला. दयारामने क्रेन सोडली होती. नजर राहिली नाही, असं त्याने स्वतःच साहेबांना जाऊन सांगितलं, आणि आता तो गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत होता.

"ही तुमच्याकडे ठेवायला सांगितलीय मॅडम," प्रितेश म्हणाला. "म्हणाले, बाईंना दिसतंय, त्यांना दे."

कीर्तीने त्या दुर्बिणीला वेबकॅम जोडला. दर महिन्याच्या दशमीला ती एकटीच गच्चीवर जायची, प्लेटोवर कॅमेरा धरायची, आणि घरी लॅपटॉपवर शेकडो चित्रांतली स्थिर चित्रं निवडून एकावर एक चढवायची. खड्ड्यांच्या कडा, डोंगरांच्या सावल्या, सगळं रेखीव यायचं. प्लेटोचा तळ मात्र सपाट. एक ठिपका जरी उमटला तरी आपण खोटं बोललो नाही असं म्हणता येईल, म्हणून ती चित्र मोठं करत जायची, इतकं की शेवटी पडद्यावर नुसते राखाडी चौकोन उरायचे.

चौथ्या महिन्यानंतर एका रविवारी ती उरणच्या एसटीत बसली. काय बोलायचं ते वाक्य तिने वाटेत कितीदा तरी जुळवलं.

दयाराम ओट्यावर बसला होता. तिला बघून त्याची बायको दमयंती पाण्याचा तांब्या-पेला घेऊनच बाहेर आली.

"बाई, तुमचे लय उपकार झाले," कीर्तीने तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली. "तुमी ते खड्डे दाखवले नसते तं हे डागदराकडं कदी गेलेच नसते. काचबिंदू निगाला. कडेची नजर चाललीवती, आनि यांना पत्ताच नाय."

"क्रेनवरून बाजूचा मानूस दिसला नसता," दयाराम म्हणाला. "कोनाच्या तरी अंगावर पेटी टेकवली असती मी."

कीर्ती पाणी प्यायली. जुळवलेलं वाक्य आता कुठेच बसत नव्हतं. नुसतं हसून, तब्येतीची चौकशी करून परत जाता आलं असतं. दमयंती चहा टाकायला आत गेली.

"पन बाई, एक गोष्ट मना कळत नाय," दयाराम म्हणाला. "डागदर म्हनतो, मदली नजर चांगली हाय. बारीकातलं बारीक दिसायला पायजे. मंग मना ते खड्डे का नाय दिसले?"

तिने पेला खाली ठेवला.

"मलाही दिसले नव्हते, भाऊ. मी पुस्तकात बघून काढले."

आत स्टोव्हचा आवाज येत होता. दयाराम समोरच्या वाळत घातलेल्या जाळ्याकडे बघत राहिला. त्याने ओरडावं, असं कीर्तीला वाटत होतं.

"मंग आरशात खोट तं नवती ना?" तो शेवटी म्हणाला.

"नाही. आरसा उत्तम आहे. कॅमेरा लावला की डोंगरांच्या सावल्यासुद्धा रेखीव येतात."

"मना वाटलं, तितंच चुकलो. नजर जाताना घासला, तुमची चांगली म्हनून तुमाला त्यातूनबी दिसलं. सात म्हैने घासला, आनि तितंच चुकलो." तो थांबला. "दुर्बीन ठेवून तरी काय करायची, म्हनून दिली."

हे कीर्तीच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"दुपारचे थेंब ऱ्हायलेत," आतून दमयंती म्हणाली.

दयारामने खिशातून औषधाची छोटी बाटली काढली. क्षणभर ती मुठीत धरून बसला, मग कीर्तीपुढे केली.

"टाका. माजा नेम चुकतो."

त्याने डोकं भिंतीला टेकवलं आणि बोटाने खालची पापणी ओढून धरली. कीर्ती वाकली. पहिला थेंब गालावर पडला. तो त्याने पुसला नाही. डोळा उघडाच ठेवून तो तसाच थांबून राहिला.