न फोडलेल्या कुपीची तक्रार

मित्रांनो, मी एक जुनी, न फोडलेली कुपी आहे आणि माझा स्वभाव चांगला नाही. काच हा माझा नुसता अंगरखा. आत जे बिनरंगी पाणी दिसतं, ते मी. माझ्या कुळाचं नाव सिस्टीन. तुमचं शरीर ज्या बारीक विटांनी बांधलेलं आहे, त्या अमिनो आम्लांपैकी आम्ही एक. पण आमच्यात गंधक आहे, म्हणून आम्हाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. माझ्या बहिणींची मान मोडली की दवाखान्यातल्या सिस्टर तोंड फिरवतात. फिरवू देत. मी अत्तर नाही, उतारा आहे.

सध्या मी मोटर वाइंडिंगच्या एका दुकानात फळीवर पडून आहे. एका बाजूला वार्निशचा डबा, दुसऱ्या बाजूला तांब्याच्या तारेची रिळं. औषधाची ही जागा नव्हे. मी इथे कशी आले हे सांगायचं, तर या घरातल्या शेवटच्या साध्या दिवसापासून सुरुवात करायला हवी. त्या दिवशी मी इथे नव्हते. पण पुढे दवाखान्यात या घरच्या मुलीनं तो दिवस डॉक्टरांना इतक्यांदा सांगितला, की मला तो पाठ झाला आहे.

खाली दुकान, वर घर. माणसं तीन: वडील, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. आई फार पूर्वीच गेलेली. तिघंही एकाच टेबलाभोवती बसून जळलेल्या मोटरी उघडत, आतली काळी पडलेली तार उपसून काढत आणि नवी भरत. त्या दिवशी वडिलांची दाढ ठणकत होती. गाल सुजून एक डोळा बारीक झाला होता. दाताच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणाले, "माझ्या तोंडात कुणाचा हात जायचा नाही. आतापर्यंत माझ्या तोंडापुढे कुणाचं काही चाललंय का?" चावता येत नव्हतं, म्हणून बरेच दिवस ते नुसत्या चहावर होते.

बहीणभावाचा अबोला होता. तोही आजकालचा नव्हे, काही वर्षांचा. एकदा वडिलांनी मुलीला सांगितलं होतं, "थोरला विचारतोय, तू वाइंडिंग करतेस की विणकाम?" ती त्या दिवशी जेवली नाही आणि त्या दिवसापासून भावाशी बोलली नाही. मग घरातलं सगळं बोलणं वडिलांमार्फत होऊ लागलं.

"बाबा, त्याला सांगा, बारीक तार संपलीय."

"बाबा, तिला सांगा, जरा डोळे उघडून फळीवर बघ म्हणावं."

वडील गाल धरून हसले. "ऐकलंस ना? डोळे उघड म्हणतोय."

"ऐकलं. त्याला सांगा, फळीवर त्याचा मोबाइल आहे. मोबाइलनं मोटर भरायची असेल तर भर म्हणावं."

"घे रे," वडील थोरल्याला म्हणाले, "व्याजासकट परत आली!"

टेबल एवढंसं. प्रत्येकाला प्रत्येकाचा श्वास ऐकू येत होता. तरी प्रत्येक वाक्य वडिलांकडे जाऊन, थोडं तिखट होऊन, पलीकडे पोचत होतं.

सकाळी मुलीनं भावाची पाठ वळलेली पाहून वडिलांच्या हातावर तापाची पांढरी गोळी ठेवली. थोड्या वेळानं भावानं बहीण वर गेलेली पाहून सर्दी-अंगदुखीची पिवळी गोळी ठेवली. दुपारी पुन्हा तेच, संध्याकाळी पुन्हा तेच. शिवाय दाढदुखीची एक पट्टी वडिलांच्या स्वतःच्या एप्रनच्या खिशात होतीच. त्यांनी दोघांपैकी एकालाही म्हटलं नाही, की अरे, आत्ताच एक घेतली. दोन्ही मुलं आपल्यासाठी चोरून काही आणतात, याचं त्यांना सुख वाटत असावं. असं बरेच दिवस चाललं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी मुलीनं गुंडाळलेली तारेची कॉइल हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाले, "ही गाठ आहे की गोचीड?" ती चिडून वर निघून गेली. या घरातला साधा दिवस असाच असायचा आणि असाच तो संपला.

आता माझ्याविषयी. माझा जन्म कोंबडीच्या पिसांतून झाला. केसांत, पिसांत, नखांत, शिंगांत आमचं कूळ दाटीवाटीनं राहतं. ती कणखर असतात ती आमच्या गंधकाच्या जोडामुळे. कत्तलखान्यामागे साचलेली ओली पिसं कुणालाच नको असतात. ती कारखान्यात आणून आम्लात उकळली, गाळली, धुतली आणि त्यातून मला वेगळं काढलं. मी टिकून राहावं म्हणून माझ्या अंगावर आणखी एक छोटासा रासायनिक तुकडा चढवला आणि मला काचेत बंद केलं. उकिरड्यातून आले म्हणून मला लाज नाही. ज्यांच्या उकिरड्यातून आले, त्यांनाच माझी गरज पडते.

माझं काम समजून घ्या. अंग दुखलं की तुमच्या घरात पॅरासिटामॉलची गोळी देतात. बेताची घेतली तर ती गोळी सज्जन आहे. यकृत तिचा निकाल लावतं. तो लावताना थोडंसं चावरं विष तयार होतं. त्याला धरायला यकृतात पहारेकरी असतात, त्यांना ग्लुटाथायोन म्हणतात. त्या पहारेकऱ्याचा हात आमच्या कुळाचा आहे. आमच्या गंधकानं एकदा विषाला पकडलं की सुटका नाही. पहारेकरी विषाला घेऊन शरीराबाहेर जातो आणि परत येत नाही. माणूस नीट जेवत असेल तर नवे पहारेकरी घडतात. उपाशी माणसाकडे ते आधीच कमी असतात. अशात गोळ्यांवर गोळ्या पडल्या की पहारा संपतो आणि ते विष यकृतालाच चावत सुटतं. तेव्हा मला सलाइनमधून शिरेत सोडतात. मी नवे पहारेकरी उभे करते. वेळेत बोलावलंत तर मी सहसा हरत नाही. उशिरा बोलावलंत तरी मी येते, झटते. पण जळून गेलेल्या घराला पहारेकरी काय वाचवणार?

दवाखान्याखालच्या औषधाच्या दुकानात मी बराच काळ काढला. दुकानदार मला मागच्या कप्प्यात ढकलायचा आणि म्हणायचा, "ही मागतंय कोण?" एकदा माझ्या काही बहिणींना घाईनं वर नेलं. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी दुखण्याच्या भरात याच गोळ्या भलत्याच जास्त घेतल्या होत्या. त्या वाचल्या. पुढे एकदा स्वतःच्या पायांनी दुकानात आल्या, घशाचं औषध घेतलं, दुकानदाराचे दोनदा आभार मानले आणि गेल्या. माझ्या कप्प्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझा स्वभाव असा का झाला, ते आता कळलं ना?

त्या साध्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी वडिलांना उलट्या सुरू झाल्या. मग डोळे पिवळे दिसू लागले. आधी ते कुणाला जवळ येऊ देईनात. शेवटी उठवेना, तेव्हा मुलांनी त्यांना दवाखान्यात आणलं. खाटेच्या एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला मुलगा. डॉक्टर बाई थकलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काही गोळ्या चालू होत्या?"

मुलीनं आपल्या पांढऱ्या गोळ्या सांगितल्या. तेवढ्या गोळ्यांनी एवढं व्हायला नको होतं.

"आणखी काही?"

"डॉक्टर, यांना विचारा, यांनी काही दिलंय का."

"डॉक्टर, यांना सांगा," भाऊ भिंतीकडे बघत म्हणाला, "गोळ्या वाटायला मी काय कंपाउंडर आहे?"

"मी तुमचं टेलिफोन एक्सचेंज नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "एकमेकांशी बोला."

भाऊ खोटं बोलला होता. बहिणीसमोर कमीपणा नको, एवढ्यासाठी. आणि बहिणीनंही त्याच्या डोळ्यांत बघून सरळ विचारलं नाही, कारण सरळ विचारणं म्हणजे अबोला आपण मोडला असं झालं असतं. डॉक्टर बाईंनी साधी कावीळ धरली आणि तपासण्यांची वाट पाहिली. त्या सगळ्या वेळात मी खाली, मागच्या कप्प्यात, धडधाकट पडून होते; हे सगळं मला नंतर वर गेल्यावर ऐकू आलं. मित्रांनो, त्या दोघांचा मला अजून राग येतो. मला माणसांचं प्रेमही कळत नाही आणि मानापमानही कळत नाही. मला वेळ तेवढी कळते.

सिस्टरनं वडिलांचे कपडे बदलले तेव्हा एप्रनच्या खिशातून त्यांची दाढदुखीची पट्टी निघाली. तिच्यात गुंडाळलेली पिवळी पट्टीही निघाली. मुलीच्या पर्समध्ये पांढरी होती. डॉक्टर बाईंनी तिन्ही पट्ट्या चादरीवर ओळीनं मांडल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि बारीक अक्षरं वाचली. रंग तीन, नावं तीन, कंपन्या तीन. आत एकच औषध.

"ही पिवळी कुणाची?"

भावानं मान खाली घातली. रात्रीसाठी ती त्यानंच वडिलांकडे देऊन ठेवली होती. बहिणीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की काचही वितळली असती. मग ती डॉक्टर बाईंकडे वळली.

मग धावपळ झाली. आमचा खोका वर आला. एकामागून एक माझ्या बहिणींच्या माना मोडल्या, खोलीभर वास सुटला आणि त्या सलाइनमधून त्या सुजलेल्या, चिडक्या माणसाच्या शिरेत उतरल्या. मी ट्रेमध्ये माझ्या पाळीची वाट बघत होते. मला तिथून सगळं दिसत होतं.

यकृत बिघडलं की त्याचा गोंधळ डोक्यात चढतो. वडील बरळू लागले. आणि काय बरळत होते? निरोप. कुणीच न दिलेले निरोप ते इकडून तिकडे पोचवत होते. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान, आणि तोंडानं चाललेलं, "ए, धाकटी म्हणतेय, तुला मोटर आणि माठ यातला फरक कळत नाही." मग मान दुसरीकडे वळवून, "ए पोरी, थोरला विचारतोय, तू वाइंडिंग करतेस की विणकाम?"

मुलगी दचकली. भाऊही.

तो सिस्टरकडे वळला. "सिस्टर, यांना सांगा, हे मी कधी म्हणालोच नव्हतो. आईशपथ. कधीच नाही."

सिस्टर सलाइनची नळी ठीक करत होती. तिला काय कळणार? ती म्हणाली, "बाजूला व्हा जरा."

मुलीनं पलीकडे पाहिलं. माठाचं वाक्य तिचंही नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. एवढ्या वर्षांत किती वाक्यं खरी आणि किती घरच्या घरी तयार केलेली, हे विचारायला आता एकच माणूस होता, आणि तो उत्तर देण्याच्या पलीकडे गेला होता. माझ्या बहिणी आत जिवाच्या आकांतानं पहारेकरी घडवत होत्या. पहाऱ्याला यकृत उरलं नव्हतं. माझी पाळी यायच्या आधीच वडील गेले आणि डॉक्टर बाईंनी सलाइन बंद करायला सांगितलं.

निघताना एक पिशवी मुलीच्या हातात दिली गेली. चपला, चष्मा, एप्रन आणि मी. दुकानदार मला परत घ्यायला तयार होता, पण ती खाली गेलीच नाही. तिनं मला आणून या फळीवर ठेवलं. का, ते मला विचारू नका. आता माझी मुदतही संपली आहे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तू हात जोडून विनंती करतो, की आम्हाला सांभाळा, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला कुणी सांभाळलं काय आणि नाही काय. मी एवढंच बजावते, की गोळीच्या पट्टीचा रंग बघू नका, बारीक अक्षरं वाचा. दुखणाऱ्या माणसाला उपाशी ठेवू नका. आणि एका माणसाला दोघं जण औषध देत असाल तर एकमेकांशी बोला. गोड बोलायची गरज नाही. भांडत बोला, शिव्या देत बोला, पण मध्ये कुणाला न घालता बोला. आणि गोळ्या जास्त गेल्याची शंका जरी आली, तरी दुखायला लागायची वाट बघत बसू नका. तडक दवाखाना गाठा. माझी एखादी बहीण कुठल्या तरी मागच्या कप्प्यात असते.

परवा दुकानात एक गिरणीवाला आला. त्याची मोटर जळली होती. "कधी मिळेल?" त्यानं विचारलं. मुलगी कॉइल गुंडाळत होती. भाऊ समोरच बसून मोटरीचं झाकण खोलत होता.

"त्यांना विचारा," ती म्हणाली.

"अहो, ते समोर तर बसलेत," गिरणीवाला म्हणाला. "तुम्हीच विचारा की. मी कशाला मध्ये?"

तो मोटर ठेवून निघून गेला. वडिलांचं स्टूल टेबलापाशी रिकामं होतं. मुलीनं तारेचे आणखी दोन वेढे घातले. तिच्या चेहऱ्यावर राग होता, मी तो ओळखते, तो माझ्यासारखाच आहे. मग तिनं तार खाली ठेवली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिनं सरळ भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली,

"दादा, बाबांना आपलं भांडण आवडायचं. आपण त्यांच्यासाठी भांडत होतो. आता कुणासाठी भांडायचं?"