घरच्यांचं म्हणणं

"क्लच हळू सोडा हो. झोपलेल्या बाळाच्या मानेखालून आपण हात काढून घेतो ना, तसा."

शेजारी बसलेल्या निवृत्त बँक मॅनेजरांनी मान डोलावली आणि क्लच झटक्यात सोडला. गाडीने गचका खाल्ला आणि चौकाच्या तोंडावर ती बंद पडली. मागून हॉर्न वाजू लागले, आणि तेवढ्यात शिकवणाऱ्या बाईचा फोनही वाजला. शिकवणी चालू असताना ती फोन घेत नसे, पण धाकट्या मुलाचा होता, आणि गाडी काही लगेच हलणार नव्हती.

"आई, उद्या सकाळी एक बाई येईल तुझ्याकडे, चौकशीला. दोन शब्द बरे बोल, म्हणजे झालं."

"कसली चौकशी?"

"अगं, बंदुकीची. मला हत्यारी पहारेकऱ्याची जागा देतायत. परवाना आपला आपण काढायचा, असं कंपनीचं म्हणणं." तो हसला. "तुझाच कायदा आहे की! आता तुझाच मुलगा त्यातून पास होणार."

तिने "बरं" म्हटलं.

"मॅडम, सुरू करू का?" मॅनेजरांनी विचारलं.

"करा. आणि मागच्या हॉर्नकडे लक्ष देऊ नका. त्यांना पोहोचायचंय, तुम्हाला शिकायचंय."

गाडी शिकायला येणारे तिला समोर मॅडम म्हणत आणि पाठीमागे ब्रेकबाई. तिच्या पायाशी जादा ब्रेक होता, आणि तो ती लोकांना वाटे त्याच्या कितीतरी आधी दाबत असे. नाव तिच्या कानावर आलं होतं. तिला ते आवडायचंही. अर्ध्या शहराने गाडी तिच्याकडून शिकली होती. आणि उरलेल्या अर्ध्या शहराला ती आणखी एका कारणाने माहीत होती.

तिची थोरली लेक नवऱ्याच्या हातून गेली होती. जावयाविरुद्ध लेकीने पोलिसांत तक्रार दिलेली होती, एकदा नव्हे, दोनदा. ज्या रस्त्यावर ठाणं होतं, त्याच रस्त्यावर पलीकडे बंदुकांचं दुकान होतं. जावयाने तिथे जाऊन ओळखपत्र दाखवलं. दुकानदाराने वय पाहिलं, सही घेतली आणि खोकं बांधून दिलं. रस्ता ओलांडून कुणी कुणाला काही विचारलं नाही, कारण तेव्हा बंदुकीला परवाना लागत नसे, विचारावं असा नियमच नव्हता. त्याच दिवशी दिवेलागणीला लेक गेली. दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं, पोलिसांचंही नियमाप्रमाणे काही चुकलं नव्हतं. हेच तिला काही केल्या गिळवेना.

तोवर विधेयक हा शब्द तिने फक्त बातम्यांत ऐकलेला होता. ती विचारत विचारत गेली. आमदारांच्या दारात बसली, शिपायांशी ओळखी केल्या, कुठला साहेब कधी भेटतो ते माहीत करून घेतलं. समितीपुढे सुनावणी झाली तेव्हा एका सदस्याने चष्मा पुसत विचारलं, "बाई, कायद्याने माणसाचा राग थांबतो का?"

"नाही थांबत, साहेब. पण घाई थांबते. मी गाडी शिकवते. परवान्याआधी आम्ही डोळे तपासतो, माणसाला थांबवतो, पुन्हा बोलावतो. बंदुकीला तेवढंही नसावं?"

बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायची, पोलिसांकडे आणि दवाखान्यात विचारायचं, हे कसंबसं सगळ्यांच्या गळी उतरलं. अडलं ते एका कलमावर: घरच्यांना विचारायचं, आणि प्रत्येकाला वेगळं विचारायचं. घरातली भांडणं चव्हाट्यावर येतील, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. ते कलम गाळा, बाकीचं आजच मंजूर करून देतो, असा निरोपही आला.

"गाळायचं तर गाळा," ती म्हणाली. "मग माझ्या लेकीचं नाव या विधेयकाला लावू नका. आणि मी पुन्हा येणार, हेही त्यांना सांगा."

कलम राहिलं आणि पहिल्या खेपेला विधेयक पडलं. दुसऱ्या खेपेला त्या कलमासकट निसटत्या बहुमताने मंजूर झालं. या सगळ्या काळात धाकटा तिच्याबरोबर होता. तिची पिशवी धरायला तो, पाण्याची बाटली आणायला तो, ताईचा फोटो लावलेला फलक घेऊन भर उन्हात उभा राहायलाही तोच. कायदा झाला त्या दिवशी विधानभवनाच्या जिन्यात तो तिच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला होता.

शिकवण्या आटोपून ती संध्याकाळी त्याच्या घरी गेली. तो कामावर होता. नात खिडकीत बसून चित्र रंगवत होती आणि सून भांडी पुसत होती. सासूची नजर नको म्हटलं तरी बाथरूमच्या दाराकडे गेली. घरातली बाकीची दारं जुनी, पिवळट. हे एकच पांढरंशुभ्र.

मागच्या हिवाळ्यात सुनेचा फोन आला होता, एवढाच, की "आई, येता का?" ती पोहोचली तेव्हा दार बिजागरीतून निखळून पडलं होतं, मधोमध फुटलेलं. आत फरशीवर सून नातीला पोटाशी धरून बसलेली. धाकटा बाहेर पायरीवर, डोकं दोन्ही हातांत धरून. दुसऱ्या दिवशी त्यानेच नवं दार आणलं, बसवलं, रंगवलं. सगळ्यांची माफी मागितली. त्यानंतर काही झालं नव्हतं. म्हणजे निदान तिच्या कानावर आलं नव्हतं.

"ती बाई दुपारी माझ्याकडे येऊन गेली," सून म्हणाली. "काही नाही म्हणून सांगितलं मी."

"आणि दाराचं?"

सून तीच ताटली पुन्हा पुसायला लागली. "आई, मला याच घरात राहायचंय. तुम्हीही तेच सांगा. नाहीतर माझ्यावर येईल सगळं."

तिची लेकही असंच म्हणायची. काही नाही गं, कपाटाचं दार लागलं. काही नाही गं, झोप झाली नाही. आणि आईने ते ऐकून घेतलं होतं, कारण ऐकायला ते बरं वाटत होतं.

"तुझ्यावर काही येणार नाही," ती म्हणाली. "तू असं कर, उद्या सकाळीच पोरीला घेऊन माझ्याकडे राहायला ये. मी आजारी आहे म्हणून सांग."

"तुम्ही कुठे आजारी आहात?"

"होईन उद्यापर्यंत."

सून हसली आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. पण सकाळी ती आली. एका हातात पोर, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी.

चौकशीची बाई वयाने लहान होती. दारातच ती थबकली. "अय्या, तुम्हीच ना त्या? प्रशिक्षणात आम्हाला तुमचं समितीपुढचं बोलणं दाखवतात. आता तुमच्याच घरी काय विचारायचं! एवढी सही करा, बाकीचं मी भरून घेते."

"बसा. चहा टाकलाय. आणि प्रश्न वाचा."

"खरंच गरज नाही हो."

"सगळे वाचा. ते वाचले जावेत म्हणून मी एवढी हिंडलेय."

बाई वाचू लागली. दारू, आजार, देणी, जुने खटले. ती नाही, नाही म्हणत गेली आणि ते खरंच होतं. मग बाईने पान उलटलं. "अर्जदाराने घरात कुणावर हात उगारला आहे का, रागाच्या भरात मोडतोड केली आहे का?"

आतल्या खोलीतून नातीचा आवाज येत होता. सून तिला हळू बोल म्हणत होती.

"हो."

बाईचं पेन थांबलं. "काय हो?"

"मोडतोड केलीय. बाथरूमचं दार तोडलं. आत त्याची बायको आणि मुलगी होती."

"पण तुमच्या सूनबाईंनी तर..."

"तिला पुन्हा विचारू नका. दार मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी सांगतेय, माझंच नाव घाला."

बाईने पेन खाली ठेवलं. आवाज हळू करून म्हणाली, "मॅडम, हे एकदा लिहिलं की मला खोडता येत नाही. घरी शांतपणे विचार करा. मी उद्या येते."

"घरीच तर बसलेय की मी." तिने चहाचा कप बाईपुढे सरकवला. "मुलगा वाईट नाही माझा. बहिणीवर जीव होता त्याचा. ती गेल्यापासून त्याच्या आत काहीतरी धुमसतंय, आणि ते कधी पेट घेईल हे त्यालाही कळत नाही."

"हेही लिहू?"

"लिहा ना. पण आधी हो लिहा."

बाईने लिहिलेलं तिने एकदा वाचून घेतलं. मग सही केली.

धाकट्याला हे दुसऱ्या कुणाकडून कळावं हे तिला मान्य नव्हतं. तिने त्याला त्याच दुपारी बोलावून घेतलं. शेजारच्या काकांना पेपर वाचायच्या निमित्ताने पुढच्या खोलीत आणून बसवलं. धाकटा शीळ वाजवत आला.

"काय गं, बरं नाही म्हणे तुला? ती बाई आली होती का?"

"आली होती. मी तिला दाराचं सांगितलं."

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्याने समोरच्या खुर्चीची पाठ पकडली, बोटं पांढरी पडेपर्यंत. काकांनी पेपर खाली घेतला.

"ताईसाठी मी उन्हात उभा राहिलो तुझ्याबरोबर," तो म्हणाला. "घसा फुटेस्तोवर ओरडलो. आणि तू मला त्या माणसाच्या रांगेत नेऊन बसवलंस?"

"त्याच्या रांगेत तू बसू नयेस म्हणूनच सांगितलं."

"एक दार, आई! एक दार तोडलं मी. नवीन आणून बसवलं ना?"

"बसवलंस. सुंदर बसवलंस. पण त्या दिवशी तुझ्याकडे नुसते हात होते." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "खटला चालू असताना त्या माणसाची आई मला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली होती. मला म्हणाली, मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तिला कुणी विचारलं नाही रे. मला विचारलं. मग मी काय करायचं होतं?"

त्याने खुर्ची उचलली नाही. सोडली. आतल्या खोलीच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि तो चपला न घालताच निघून गेला. चपला तिने मागाहून काकांच्या हाती पाठवून दिल्या.

अर्ज फेटाळला गेला. समुपदेशन पुरं केल्यावर पुन्हा अर्ज करता येईल, असं त्यात होतं. कंपनीने धाकट्याला एका मोठ्या बाजारसंकुलाच्या पार्किंगवर टाकलं. ओळखीपाळखीचे लोक तिला तोंडावर म्हणाले, धन्य आहे तुमची, आणि त्यातलं कौतुक कुठलं नि टोमणा कुठला, हे तिने शोधत बसायचं नाही असं ठरवलं. सून दोन दिवसांसाठी आली होती, ती पुरा उन्हाळा राहिली. धाकटा दवाखान्यात समुपदेशनाला जायला लागला, त्याने दर आठवड्याला जाण्याचं कबूल केलं, आणि मगच ती परत गेली. जाताना एक किल्ली सासूकडे ठेवून गेली. धाकटा लेकीला आजीकडे पाठवायचा, पण स्वतः यायचा नाही. फोन केला तर तो उचलून बायकोच्या हाती द्यायचा.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी मॅनेजरांना गाडी लावायचा सराव द्यायला ती त्याच संकुलात गेली. दुसरी जागा नव्हती असं नाही.

फाटकाशी तो उभा होता. इस्त्रीचा गणवेश, कमरेला फक्त शिट्टी. गाडी पुढे आली तसा तो खाली वाकला आणि त्याने आईला पाहिलं. मॅनेजरांच्या हाती त्याने पावती दिली.

"पावती सांभाळून ठेवा," तो म्हणाला. मग फाटकाचा दांडा वर करता करता, तिच्याकडे न बघता, "सरळ जाऊन डावीकडे लावा. तिकडे सावली आहे. त्यांना ऊन सोसत नाही."

गाडी आत शिरली. मॅनेजरांनी तिरकी का होईना, पण सावलीत लावली.

"ओळखीचा आहे वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मुलगा आहे माझा," ती म्हणाली. "गाडी बंद करा. थोडा वेळ इथेच बसू."